पिशवी रिकामी पाठवू नये

तुझ्या छातीवर ठेवलेल्या पुष्पचक्रात गाजरगवत होतं, मालन.

तुझ्या लेकीच्या, सुलूच्या बँकेतून आलेलं ते चक्र. शेवंती, गुलाब आणि मधल्या फटी भरायला बारीक पांढरी फुलं. हल्ली फुलवाले ती सर्रास घालतात. फुकट मिळतात, लवकर कोमेजत नाहीत, लांबून नाजूक दिसतात. ज्या गवताने तुझी कातडी वाळल्या चामड्यासारखी केली, तेच तुझ्या हनुवटीखाली सजवून ठेवलं होतं, आणि तुला खाजवता येत नव्हतं. मी पुढे झाले आणि एकेक काडी उपसून काढू लागले. लोकांना वाटलं, थोरली जाऊ फुलं सारखी करते आहे. मागून तुमच्या मजल्यावरची बाई म्हणालीसुद्धा, "दोनोंमें कित्ता प्यार था." काढलेल्या काड्या मी हातरुमालात बांधल्या, रुमालाला गाठ मारली आणि ते गाठोडं पर्समध्ये ठेवलं. तिथेच टाकल्या असत्या तर पुढच्या पावसात अंबरपेठेतल्या त्या गल्लीत उगवल्या असत्या.

तू उठून बसली असतीस तर म्हणाली असतीस, "अक्का, मयताला आलाव का खुरपायला?"

ते वाक्य मला तुझ्या आवाजात इतकं स्पष्ट ऐकू आलं की रडायचं राहून गेलं. सुलूने ते पाहिलं.

हे लिहायचं कारण ईरा. माझी नात आता तेरा वर्षांची आहे. ऑकलंडला राहून मराठी बोलते, पण वाचताना ओळीवर बोट ठेवते. परवा फोनवर तिने मला सांगितलं की तिला तुझ्या झेंडूचं बी हवं आहे. मागच्या खेपेला तू तिला वाळलेली बोंडं चुरून कागदाच्या पुडीत बांधून दिली होतीस, आणि ती पुडी तिच्या आईने, तिकडे बी न्यायला बंदी म्हणून, विमानतळावर कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. आता तू गेलीस, तर तुझी आठवण म्हणून तिला ते बी तिच्या अंगणात लावायचं आहे. साध्या पाकिटात घाल, वर वाढदिवसाचं कार्ड म्हणून लिही, कुणी उघडून बघत नाही, असा तिचा सल्ला. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "आजी, तू किती दुष्ट आहेस. मालनआजीने पाठवलं असतं."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. तू पाठवलं असतंस.

तिला उत्तर लिहायला बसले, तर पहिल्या चार ओळींतच मी शहाणी आजी झाले. मुलांना समजावताना आपण स्वतःला जरा घासूनपुसून घेतो. तुझ्यासमोर ते मला कधी जमलं नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते. ईराने शेजारी बसून ऐकावं. तिच्यासाठी अक्षर मोठं काढलं आहे आणि तुला माहीत असलेल्या चार गोष्टीही सांगते आहे.

नवरात्रात आपल्याकडे घट बसतो. परडीत काळी माती, मातीत सात प्रकारचं धान्य, मध्ये पाण्याचा कलश. नऊ दिवसांत पोपटी कोंब वर येतात. दसऱ्याला ते आधी देवीला वाहायचे आणि मग आपल्या केसांत माळायचे. सासूबाईंचा नियम होता की घटाची माती आपल्या वावरातलीच हवी. विकतची नको, कुंडीतली नको. सासूबाई गेल्यावर देवी थोरली सून म्हणून माझ्याकडे हैदराबादेत नारायणगुड्याला आली आणि वावर तुमच्याकडे देगलूरच्या बाजूला राहिलं. ह्यांची वकिली इथे, माझी जामबागेतली शाळा इथे. गावी यायला आम्हाला सवड नसे. माती मात्र हवी असे, आणि ती मी पोस्टकार्डावर लिहून मागवत असे: दोन किलो, चाळलेली, कोरडी, घटाच्या आदल्या दिवशी पोचेल अशी.

तू एकदाही चुकवली नाहीस. तू आणि भाऊजी एसटीने यायचात, पिशवी भाऊजींच्या मांडीवर. मांजरपाटाची, तुझ्या हातची, तळाला दुहेरी शिवण. माती इतकी बारीक चाळलेली असायची की मी ती बोटांत धरून बघायची आणि काही खोट सापडत नाही म्हणून मला जरा वाईट वाटायचं.

सासूबाईंचा दुसरा नियम असा की आलेलं भांडं किंवा पिशवी रिकामी परत पाठवू नये. साखरेचे चार दाणे का होईना, घालावेत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लग्नानंतर त्यांचे निम्मे नियम मोडले, पण हा पाळला, कारण हा मला सुसंस्कृत वाटला. पहिल्या दोन वर्षी पेरू दिले. मग मला झेंडू सुचला.

घराशेजारी तेव्हा मोकळा प्लॉट होता. आता तिथे सहा मजली इमारत आहे. प्लॉटमधली माती भुसभुशीत होती. ती मी घमेल्यात भरून आणायची आणि लाकडी खोक्यांत झेंडूची रोपं करायची. पावसाळ्याच्या अखेरीस तो प्लॉट बारीक पांढऱ्या फुलांनी भरून जाई. मला वाटे, रानफुलं. रोपं वीतभर झाली की मुळाशी मातीचा गोळा ठेवून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, तुझ्या पिशवीत उभी रचायची. वर चिठ्ठी: दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. तुमच्याकडचा झेंडू बारका आणि मळकट असायचा. माझा मुठीएवढा, केशरी. तुला काहीतरी चांगलं शिकवावं असं मला वाटत असे. तुला बरंच काही शिकवायचं मी मनावर घेतलं होतं.

पुष्कळ वर्षं ती पिशवी अशी आली आणि गेली.

एका वर्षी भाऊजींच्या मानेवर आणि कोपरांच्या आत पुरळ होतं. जेवताना ते पंच्याने मान घासत होते. मी ह्यांना म्हटलं, तुम्हा दोघांच्या समोर, की गावाकडे साबण लावत नाहीत वाटतं. भाऊजी हसले. तू पाणी आणायला उठलीस आणि बराच वेळ आत राहिलीस. मला वाटलं, माठात पाणी नसेल.

भाऊजी गेले आणि तू वावर अर्ध्या वाट्याने करायला देऊन, सुलूला घेऊन, आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आलीस. पहिल्याच श्रावणात पारिजातकाच्या आळ्यात ते गवत उगवलं. बाकी अंगणाला फरशी होती. माती फक्त तिथे, जिथे आम्ही दरवर्षी दसऱ्यानंतर घटाची माती ओतायचो. रोपांची खोकीही त्याच आळ्याला टेकून असायची, पण ती मी पाहिली नाहीत, कारण ती माझी होती. मी एक इंग्रजी मासिक घेऊन बाहेर आले. त्यात फोटो होता, शास्त्रीय नाव होतं. हे तण परदेशातून धान्याबरोबर आपल्या देशात आलं, त्याचं बी राईच्या दाण्याहून बारीक असतं आणि बुटाला, चाकाला, जनावराच्या खुराला, मातीला चिकटून माणसाबरोबर फिरतं, असं सगळं लिहिलेलं होतं. मी तुला उभं करून ते मराठीत वाचून दाखवलं. मग म्हटलं, "मालन, हे तुझ्या वावरातून आलंय. इतकी वर्षं मातीबरोबर तू मला हे पाठवत होतीस."

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मला वाटलं, तुला समजायला वेळ लागतोय.

"हौ अक्का," तू म्हणालीस. "वावरातूनच आलं."

"मग तूच उपट."

तू पदर खोचून खाली बसलीस. मान वर न करता म्हणालीस, "तुमाला गवताचं नाव इंग्रजीतून येतंय. उपटायला मराठी हात लागतेत."

अकरा पावसाळे तू ते उपटलंस. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दर शनिवारच्या चौकटीत लिहायची: आळे, मालन. आधी तुझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज आली, मग मनगटांना, मग गळ्याला, मग पापण्यांना. कातडी जाड होत गेली, काळी पडली, तिला भेगा पडल्या. मी खोबरेल दिलं, कडुलिंबाचा पाला दिला, एकदा कपडे धुण्याचा साबण बदलून पाहिला. हातमोजे तिसऱ्या वर्षी आणले. त्यांच्यावर मार्करने 'मा' लिहिलं, जणू घरात दुसरं कुणी ते घालणार होतं. तू ते दारामागच्या खिळ्याला अडकवलेस. म्हणालीस, हातमोजे घालून कुणी भाकर थापतंय का.

ते आपलं सगळ्यात लांब चाललेलं भांडण. मी म्हणायची, तू हट्टी आहेस, अंगावर ओढवून घेतेस. तू म्हणायचीस, मोजे आणायला बाजारात गेलाव, तसं उपटायला एक माणूस का नाही आणलं? त्यावर मी एकदा म्हटलं, "ज्याचं त्यानं निस्तरावं." मी ते मोठ्याने म्हटलं नव्हतं. हळू म्हटलेलं तुला जास्त ऐकू यायचं.

ईराने तुला सोशीक समजू नये. सोशीक तू नव्हतीस. मी निवृत्त झाले तेव्हा तू शेजारच्या बाईला, मी ऐकेन अशा बेताने, सांगत होतीस की आमच्या अक्काची शाळा सुटली, आता ती घरात भांड्यांची हजेरी घेते. हे गेले तेव्हा तीन दिवस मला रडू आलं नाही. खोलीत माणसं भरलेली होती आणि तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "अक्काच्या टाइमटेबलात रडायचा तास नाही." लोक दचकले. मला इतका राग आला की त्या रागातच रडू फुटलं. मग तू सगळ्यांना बाहेर काढलंस, दार लोटलंस आणि मागे बसून माझे केस विंचरलेस. तुझ्या बोटांच्या भेगांत केस अडकायचे, खेचले जायचे. मी मान हलवली नाही. तेराव्यापर्यंत तू रोज वेणी घातलीस आणि मी रोज मान न हलवता बसले. तेवढंच मला देता आलं.

शेवटी सुलू तुला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी बरोबर होते. डॉक्टरांनी हात बघितले आणि विचारलं, घराजवळ गाजरगवत आहे का, आणि ते कोण उपटतं. मी म्हटलं, ह्याच उपटतात. किती वर्षं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी पर्सची चेन बघत बसले. तू सांगितलंस. ते म्हणाले, ह्यांना त्या अंगणातून आधी हलवा. आता ह्यांच्या अंगाला वाऱ्यावर आलेलंही चालणार नाही, आणि हे जन्मभर राहील. बाहेर आल्यावर मी रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घातली. तू म्हणालीस, "चला अक्का, त्यो बिचारा कुठं मला खाजवायला आला?"

सुलूने अंबरपेठेत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मी दर गुरुवारी यायची. दर शुक्रवारी तुझं अंग फुलायचं. हे जुळवणं मला, जन्मभर तक्ते आखलेल्या बाईला, जमलं नाही. सुलूला चार महिने पुरले. एका गुरुवारी तिने दारातच माझ्या हातात तिचा गाऊन ठेवला आणि म्हणाली, काकू, साडी बदलून मग आत या, ती तुमच्या अंगणात वाळलेली असते. मी दुखावले. म्हटलं, मला काय विटाळ आहे?

आतून तुझा आवाज आला. "विटाळ नाही अक्का, पदराला गवत हाय तुमच्या."

तो गाऊन जांभळा होता आणि त्यावर हिरवे पोपट होते. मी जन्मात कधी गाऊन घातला नव्हता. मला बघून तू इतकी हसलीस की उबळ आली आणि सुलूला वाफारा द्यावा लागला. पुढच्या गुरुवारपासून बेल वाजली की तू आतून ओरडायचीस, "सुलू, पोपट आला बघ." पोपटाने कधी पाय पसरून पलंगावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडल्या, कधी तुझ्याबरोबर टीव्हीवरची तेलुगू मालिका पाहिली, जिच्यातलं निम्मं आपल्याला कळायचं नाही आणि उरलेल्या निम्म्यावरून आपण भांडायचो. मालन, त्या गाऊनमध्ये मी माझ्या आयुष्यातले सगळ्यात निवांत तास काढले. हे तुला सांगायचं राहिलं.

शेवटच्या खेपेला मी तो घातला नाही. शाळेच्या जुन्या विद्यार्थिनींच्या कार्यक्रमाहून येत होते. अंगावर रेशमी साडी होती आणि सुलूच्या बँकेतले दोघे तुमच्याकडे बसलेले होते. मला त्यांच्यासमोर पोपट व्हायचं नव्हतं. म्हटलं, पाचच मिनिटं आले आहे, आणि ही साडी कपाटातली आहे, अंगणातली नाही. ते खरं होतं. पण सकाळी मी तीच नेसून आळ्याशेजारून फाटकापर्यंत चालत गेले होते, आणि पावसाळ्याचे दिवस होते. तू फक्त नाकाला पदर लावलास. पाच मिनिटांची मी पाऊण तास बसले, कारण ते दोघे माझं इंग्रजी ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टर म्हणाले, छातीत संसर्ग झाला आहे, खाजेवरच्या इतक्या वर्षांच्या गोळ्यांनी अंगात झुंजायची ताकद उरलेली नाही. माझ्या साडीचं नाव कुणी घेतलं नाही. ते मला कारण म्हणून लिहिता येत नाही, आणि खोडताही येत नाही.

इथवर मला माहीत होतं. इथवरचं मी ईराला चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी, जरा मऊ करून सांगितलं असतं, आणि तिने मला माफ केलं असतं. पण काल बालाजी आला.

तुझं वावर करणारा बालाजी. आता चाळिशीचा आहे. तू म्हणायचीस, खातो पायलीभर आणि बोलतो दोन पायल्या. दवाखान्यात जायच्या आधी तू त्याला फोन करून बजावलं होतंस म्हणे, की वकिलीणबाईला घटाची माती पोचव, चाळून, कोरडी, वेळेवर. माझ्या पोस्टकार्डातले शब्द. तो तीच पिशवी घेऊन आला, मांजरपाटाची. फाटकातून आत येताना आळ्यापाशी थांबला. तू अंबरपेठेला गेल्यापासून तिथे बरंच माजलं आहे. हसून म्हणाला, "तुमच्याकडं बी अक्कागवत हाय की."

मी विचारलं, काय म्हणालास?

"ह्ये पांढरं. अक्कागवत. आमच्या गावात समदे असंच म्हणतेत. इकडं काय म्हणतेत?"

असं का म्हणतात, ते त्याला माहीत नव्हतं. तो शाळेत जाण्याआधीपासूनचं नाव असणार. तो मला वकिलीणबाई म्हणतो, गावात सगळे वकिलीणबाईच म्हणतात. मला अक्का म्हणणारी तू एकटी होतीस.

त्याला चहा देऊन मी आत गेले आणि सुलूला फोन लावला. ती मग म्हणाली, "काकू, आई गेली. आता कशाला?" मी म्हटलं, सांग.

तिने जे सांगितलं ते असं. माझी झेंडूची रोपं तुम्ही बांधाच्या कडेने ओळीत लावली होती, एक फूट अंतर ठेवून. महिन्याभरात प्रत्येक रोपाच्या बुडाशी, माझ्या मातीच्या गोळ्यातून, आणखी एक रोप वर आलं. पानं गाजरासारखी. भाऊजी खुरपं घेऊन काढायला गेले तर तू त्यांचा हात धरलास. म्हणालीस, अक्कानं पाठवलंय, शोभेचं झाड असंल. तू त्याला पाणी घातलंस. पांढरी फुलं आली ती देवीला वाहिलीस. बाया बघायला आल्या तेव्हा तू मिरवलंस की आमच्या अक्कानं हैदराबादहून धाडलंय, आणि दोघीतिघींना त्यांच्या दारात लावायला रोपं दिलीस. चार वर्षांत ते सगळ्यांच्या वावरात होतं. जनावरं त्याला तोंड लावीनात. ज्वारीत बसून ते उपटताना बाया माझं नाव घेऊन शिव्या द्यायच्या, आणि तू त्यांच्याच ओळीत बसून उपटत असायचीस. भाऊजींची मान त्या गावात पहिली फुलली. आणि त्याच मानेवरून मी साबणाचं बोलले होते.

मग तू इथे आलीस आणि मी तुला मासिक वाचून दाखवलं.

मी सुलूला विचारलं, आईने मला तेव्हाच सांगितलं का नाही?

"मी पण विचारलं होतं," सुलू म्हणाली. "आई म्हणाली, सांगितलं की अक्का माफी मागंल, वहीत लिहून ठेवील आन् मोकळी होईल. मी गेल्यावर कळू दे तिला. बघू मग कुणाकडं मागती."

मी फोन ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "पण काकू, सुरुवातीला तिने तुम्हाला पत्र लिहिलं होतं."

तुझी पत्रं माझ्याकडे वर्षवार लावलेली आहेत, फितीने बांधून. सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कार्तिकातलं पत्र, वहीच्या फाडलेल्या पानावर. "अक्काला नमस्कार. झेंडू लई चांगले लागले. त्येच्या बाजूनं तुमी दिलेली पांढरी फुलं बी आलीत. पानं गाजरावानी हायेत. ह्ये कशाचं झाड हाय? ऱ्हाऊ द्यावं का काढावं? उत्तर लिवा."

तुझ्या पत्रांवर लाल पेन्सिलीने शुद्धलेखन दुरुस्त करायची मला सवय होती. या पत्रावरही केलं आहे, सुवाच्य, समासात. खाली माझी सही आणि तारीख आहे, म्हणजे मी ते वाचून फायलीला लावलं. उत्तर लिहिलं नाही. पांढरी फुलं मी दिली नव्हती, तेव्हा तुझा काहीतरी घोळ झाला असणार, असं मी धरलं असेन. तुझा घोळ झाला असणार हे धरून चालायला मला कधीच जड गेलं नाही.

आज सकाळी मी घटाची माती लोखंडी कढईत घातली आणि मोठ्या आचेवर भाजली. बी मरावं म्हणून. घरभर तो वास पसरला. ऊन लागलेल्या वावराचा येतो तसा, आणि मग जळका. रात्री मुक्कामाला राहिलेला बालाजी दारात उभा राहून बघत होता. देवीला चालतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, चालतं. मग पिशवी उलटी केली. तळाच्या दुहेरी शिवणीत राखेसारखा काळपट भुगा होता. भिंग लावून पाहिलं, तरी त्यात माती कुठली आणि बी कुठलं ते मला सांगता आलं नाही. शिवण उसवली, पिशवी उकळत्या पाण्यात घातली, घरातल्या घरात पंख्याखाली वाळवली आणि इस्त्री केली. घडी घालून बालाजीच्या हातात दिली.

त्याने ती हातात तोलली. टेबलावर पेरूंची टोपली होती, तिच्याकडे त्याने एकदा पाहिलं.

"काहीच घालायचं नाही, बाई?"

"नाही."

"गावात इचारतेत ना. कसं सांगू?"

मी म्हटलं, सांग की काही दिलं नाही.

तो पिशवी काखेत मारून गेला. आज संध्याकाळपर्यंत गावात म्हणतील की मालन गेली आणि वकिलीणबाईला साखरेचे चार दाणे जड झाले. म्हणू देत. तू मिरवलेल्या माझ्या नावाच्या शिव्या तू त्यांच्या ओळीत बसून ऐकल्यास, आणि इथे येऊन माझं ऐकून घेतलंस, कारण न सांगता. मी एका रिकाम्या पिशवीचं ऐकून घेईन, कारण न सांगता. ईरालाही बी जाणार नाही. पुडीत चुरलेल्या बोंडांबरोबर आणखी काय जाईल ते मला ओळखता येत नाही, आणि तिला तर येणारच नाही. ती प्रेमाने पाणी घालेल. तिने मला दुष्ट म्हणावं.

माफी मागत नाही. तुझ्या मनासारखं झालं आहे, मागायला कुणी उरलेलं नाही. फक्त तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं होतं, ते लिहिते.

काढावं, मालन. फुलं यायच्या आत काढावं. हात उघडे ठेवू नयेत.